कुंडलला चालतंय

चाचांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी 'रहिमतपूर'. कंपनीत ज्याला त्याला त्यांनी त्याचं गावच चिकटवून दिलं होतं. हिशेब बघणारे गृहस्थ तासगाव, सोल्डरिंगच्या टेबलावरची अबोल बाई जत, आणि सॉफ्टवेअर लिहिणारा चष्मेवाला पोरगा विटा. पुण्याहून कुणी बूट करकरवत आलं, तरी हात मिळवायच्या आधी चाचांचा प्रश्न, "मूळ गाव कंचं?" समोरच्यानं पुणेच म्हटलं की चाचांचा चेहरा पडायचा. "आवं, त्याच्या आदीचं सांगा की," म्हणायचे. बिचाऱ्या माणसाला आजोबांपर्यंत मागं जावं लागायचं.

कुपवाडच्या एमआयडीसीत पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये आमची कंपनी होती. डेअरीवर दूध घालायला गेलात की वजन आणि फॅट दाखवणारं मशीन असतं, ते आम्ही बनवायचो. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये थंडी कमीजास्त झाली की मालकाला फोन करणारं एक यंत्र होतं. आणि तिसरा होता स्टार्टर. घरबसल्या मोबाईलवरून विहिरीवरची मोटार चालू-बंद करायचा. शेडमधून बाहेर पडणारा प्रत्येक डबा शेवटी माझ्या टेबलावर तपासायला यायचा. चाचा कंपनीचे मालक, आणि आतलं सगळं डोकंही त्यांचंच.

त्यांच्या शर्टाच्या खिशाला पेन नसे. पिवळ्या मुठीचा एक आखूड स्क्रूड्रायव्हर असे. आमच्या कुठल्याही वस्तूचा कुठलाही स्क्रू त्या एकाच स्क्रूड्रायव्हरनं उघडला पाहिजे, असा दंडक होता. एकदा तासगावांनी स्वस्तात मिळाले म्हणून दुसऱ्या मापाच्या स्क्रूचं खोकं आणलं. चाचांनी सगळं काम थांबवलं आणि ते खोकं स्वतः स्कूटरवर घालून परत करून आले. "एका घरात दोन किल्ल्या कशाला?" एवढंच म्हणाले. घरीही तोच कारभार. चाचींच्या शिलाई मशीनचे, कुकरच्या मुठीचे, भिंतीवरच्या घड्याळाचे स्क्रू त्यांनी सुट्टीच्या दिवशी बसून बदलले होते. "आता माझा तेवढा ऱ्हायलाय, त्योबी बदला," असं चाची आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या.

त्यांचं घराणं मिरजेतलं, वाद्यं बनवणारं. भाऊ अजून तंबोरे आणि सतारी करतात. चाचा एकटेच पॉलिटेक्निकला गेले. त्यांचे अब्बा भोपळा विकत घेण्याआधी बोटाच्या पेरानं ठोकून कान लावायचे आणि आत कुठं बारीक चीर असली तरी सांगायचे, असं चाचा आम्हाला हजारदा सांगत. ती खोड त्यांच्यात उतरली होती. तयार झालेलं सर्किट ते हातात घेत, दोनदा टिचकी मारत आणि कानाशी नेत. नवी असताना मी विचारलं, "चाचा, ह्यातून काय कळतं?"

"काय न्हाई," ते म्हणाले. "पर ठोकल्याबिगर हातातनं सुटत न्हाई बग."

हल्ली ते भावाच्या दुकानात बसतात. मधूनअधून मी जाऊन येते. समोर भोपळ्यांची रास असते, गिऱ्हाईक येतं जातं. चाचा एकाही भोपळ्याला बोट लावत नाहीत.

आमच्या तिन्ही वस्तूंच्या पोटात एकच सर्किट असायचं. चाचांनी त्याचं नाव 'भोपळा' ठेवलं होतं. कागदोपत्री त्याला काहीतरी इंग्रजी अक्षरं आणि आकडे होते, ते कुणाच्या लक्षात राहत नसत. भोपळ्याला दांडी लावून तारा चढवल्या की तंबोरा होतो, तसं ह्याला काटा जोडला की दुधाचं मशीन आणि मोटार जोडली की स्टार्टर, हा त्यांचा सिद्धांत. गिऱ्हाईक काही मागायला आलं की चाचा डोळे मिटून क्षणभर विचार करत आणि म्हणत, "बसंल की! भोपळ्यात बसंल." ह्या दोन शब्दांवर ती शेड उभी होती. माल एकाच प्रकारचा घ्यायचा, दुरुस्तीला एकच माणूस शिकवायचा, आज दुधासाठी केलेली सुधारणा उद्या मोटारीलाही आपोआप मिळायची. ह्याला मोठ्या कंपन्यांत प्लॅटफॉर्म म्हणतात हे मला नंतर कळलं. चाचा ह्याला एकत्र कुटुंब म्हणायचे. दुधाचं मशीन थोरलं, बेदाण्याचं मधलं, स्टार्टर धाकटा. थोरल्यानं कमवायचं आणि धाकट्याला जपायचं.

आणि धाकट्यासाठीच हा सगळा संसार मांडलेला होता. ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, कारण दाराशीच ती काचेची पेटी होती.

चाचांचा एक जोडीदार होता, कुंडलचा. पॉलिटेक्निकपासूनचा. दोघांनी मिळून सांगलीत टीव्ही आणि स्टॅबिलायझर दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. जोडीदार दिवसा दुकान बघायचा आणि गावी राहून शेती करायचा. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात तो मोटार चालू करायला विहिरीवर गेला आणि त्याचा पाय घोणशीवर पडला. मिरजेत पावलोपावली दवाखाने आहेत, पण तिथवर तो पोचलाच नाही.

चाचांनी दुकानाला कुलूप लावलं आणि घरात बसून पहिला स्टार्टर बनवला. जोडीदाराचा अल्युमिनियमचा जेवणाचा डबा दुकानातच राहिला होता, त्यात तो बसवला. साधं काम होतं. एक मिस कॉल दिला की मोटार चालू, दुसरा दिला की बंद. तो त्यांनी स्वतः कुंडलला नेऊन विहिरीवरच्या खोलीत लावला आणि जोडीदाराच्या बायकोला, वहिनींना, सांगितलं, "ह्या घरातलं कुणी आता अंधारात मोटारीवर जायाचं न्हाई." त्या दिवसापासून चाचांच्या आयुष्यात करण्यासारखं एकच काम उरलं होतं. ह्या भागात कुणालाच अंधारात जायला लागू नये.

पुढं कंपनी झाली, भोपळा आला. मग चाचांनी कुंडलचा डबा काढला आणि त्याजागी भोपळ्यावरचा नवाकोरा स्टार्टर बसवला. वहिनींकडं जुनं राहावं हे त्यांना बरं वाटेना. डबा आणून दाराशी काचेच्या पेटीत ठेवला. खंडेनवमीला आधी त्याला झेंडूची माळ, मग बाकीच्या यंत्रांना.

दुपारचा डबा चाचा सगळ्यांत बसून खात. त्यांच्या डब्यात नेहमी तीन भाज्या. "मसाला एक, भाज्या तीन," ते आम्हाला कौतुकानं दाखवायचे. "सकाळी एकदा वाटण केलं की काम झालं. तुमच्या पुण्याच्या सायबांनी ही आयडिया आमच्या चुलीवरनं उचलली." एकदा चाची काही कामानं शेडमध्ये आल्या होत्या आणि हे त्यांच्या कानावर पडलं.

"तिन्हीची चव एकच लागतीया, ते न्हाई सांगत कुणाला," त्या म्हणाल्या. आम्ही हसलो. मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "आन घरात कुणी आजारी पडलं, तर त्याला ह्यातलं काय चालत न्हाई. त्याला वायलंच शिजवावं लागतं."

चाचाही हसले. त्यांनी ते ऐकलं असं मला वाटत नाही. मीही तेव्हा ऐकलं नाही.

धंदा वाढत गेला तसा भोपळा फुगत गेला. डेअरीवाल्यांना पावती छापून पाहिजे होती. बसंल की! जतच्या पलीकडच्या गावांना कानडी अक्षरं पाहिजे होती. बसंल की! बेदाणेवाल्यांना चार खोल्यांची थंडी एकाच यंत्रावर पाहिजे होती. तेही बसलं. आणि जे बसलं ते सगळ्यांत बसलं, कारण सर्किट एकच. स्टार्टरमध्ये आता पावती छापायची सोय होती, कानडी अक्षरं होती, थंडी मोजायची सोय होती. "चाचा," विटा एकदा चहाच्या वेळी म्हणाला, "विहिरीला दूध लागलं तर आपला स्टार्टर फॅटसुद्धा सांगंल." सगळ्यांत मोठ्यानं चाचाच हसले.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हा सगळा बारदाना पोटात घेतल्यावर स्टार्टर महाग झाला. बाजारात साधे, हलके स्टार्टर येऊ लागले होते. आमचा घेणारे कमी झाले. कमी खपला म्हणून प्रत्येक नगाचा खर्च वाढला. मग तो खर्च निघावा म्हणून चाचा भोपळ्यात आणखी एखादी सोय घालायचे. हा फास आम्हाला दिसत होता. चाचांनाही दिसत असणार.

विट्यानं मग घरी बसून, कुणाला न सांगता, स्टार्टरपुरतं एक छोटं सर्किट बनवलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. एका सकाळी त्यानं ते चाचांच्या टेबलावर ठेवलं आणि बाजूला उभा राहिला. चाचांनी उचललं, टिचकी मारली, कानाशी नेलं. बराच वेळ धरून राहिले.

"आवाज चांगला हाय," ते म्हणाले. आणि ते परत विट्याच्या हातात ठेवलं. "पर वायली चूल मांडायची न्हाई गड्या."

"का पण चाचा? ह्यानं निम्म्यात पडंल."

"आज एका भोपळ्यात हाय म्हणून त्याला कुणी तोडू शकत न्हाई. वायला काढला की उद्या थोरलेच म्हणत्याल, ह्याला आमी का पोसायचं? आन मग कुणीबी येऊन त्याचं दार लावून जाईल. मी असा धाकटा लय घरांत बगितलाय."

ह्यात वेडेपणा नव्हता, हे मी आजही म्हणते. त्यांना स्टार्टर जगवायचा होता आणि त्यासाठी त्यांनी तो सगळ्यांच्या गळ्यात बांधला होता. विट्याला ते पटलं नाही. वर्षाच्या आत तो हैदराबादला निघून गेला. जाताना ते छोटं सर्किट माझ्या ड्रॉवरमध्ये टाकून गेला.

चाचांकडं सगळ्या शंकांवर एक उत्तर होतं. "कुंडलला चालतंय."

वर्षातून एकदा, जोडीदाराच्या पुण्यतिथीच्या सुमारास, दिवसाची लाईट असलेल्या आठवड्यात, ते कुंडलला जायचे. आधी फोन करायचे, अमुक दिवशी येतो म्हणून. वहिनी जेवायला करायच्या. जेवण झालं की सगळे विहिरीवर जायचे. वहिनी पदराला हात पुसून आपल्या बटणाच्या मोबाईलवरून मिस कॉल द्यायच्या आणि मोटार सुरू व्हायची. पाईपमधून पाणी पडायला लागलं की चाचा डोळे पुसायचे. मग खिशातला मोबाईल काढून मोटारीचा आवाज रेकॉर्ड करून घ्यायचे. शेडमध्ये आले की तो आम्हाला ऐकवायचे. महाग झालाय म्हटलं की तो आवाज. तक्रारी येताहेत म्हटलं की तो आवाज. एकदा कुठल्याशा गावचा माणूस स्टार्टर परत घेऊन आला होता, रात्री चालत नाही म्हणत होता. मी तो माझ्या टेबलावर तासभर चालवला, अगदी व्यवस्थित चालला. "लावताना चुकले आसत्याल," चाचा म्हणाले. "कुंडलला बग कसा चालतोय."

कंपनीत पैसा घातलेल्या पुण्याच्या लोकांची मीटिंग झाली तेव्हाही तेच. त्यांच्यातल्या एक बाई सगळं नीट वाचून आल्या होत्या. दुधाचं मशीन ठेवा, बेदाण्याचं चालू द्या, स्टार्टर बंद करा, असं त्यांचं म्हणणं. एक वस्तू सगळ्यांना खाली ओढते आहे, असं त्या शांतपणे म्हणाल्या. चाचांनी मोबाईल टेबलाच्या मध्यभागी ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं. त्या थंडगार खोलीत कुंडलची मोटार घरघरत राहिली, मागं पाण्याचा आवाज, कुणीतरी काही बोलल्याचा, लांब कुत्र्याचा.

"काका, हे भावनिक आहे," त्या बाई म्हणाल्या.

"भावनिक न्हाई बाई," चाचा म्हणाले. "चालू हाय."

त्यावर त्यांनी वर्षभर काढलं. मग काढता आलं नाही. एका मोठ्या कंपनीनं आम्हाला विकत घेतलं. त्यांना दुधाचं मशीन हवं होतं, त्यापायी त्यांनी अख्खा भोपळा घेतला. स्टार्टर तेव्हापासून बंद. चाचांच्या म्हणण्याप्रमाणेच झालं, फक्त त्यासाठी कुणाला तो वेगळा काढावाही लागला नाही. एका चुलीवर होता म्हणून चुलीबरोबरच गेला. सहीच्या कागदात एक कलम होतं. मोबाईलवर चालणारी असली कुठलीही वस्तू चाचांनी ह्यापुढं बनवायची नाही, विकायची नाही, दुसऱ्या कुणाला बनवायला शिकवायची नाही. चाचांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. सही केली नसती तर शेडमधल्या सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. त्यांनी एकच मागणी केली. विकलेले स्टार्टर आहेत तसे चालू राहू द्या. ती मान्य झाली.

जिना उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. "कुंडलला चालतंय तवर बास," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. "रहिमतपूर, गाडी काढ. वहिनींना सांगून यायला पायजे. एकट्यानं तोंड दाखवायला नको वाटतंय." आधी फोन करू का, असं मी विचारलं. ते नको म्हणाले. फोनवर काय सांगायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

घराला कडी होती. म्हणून आम्ही सरळ विहिरीवर गेलो. मोटारीच्या खोलीचं दार उघडं होतं. भिंतीवर आमचा स्टार्टर नव्हता. चार स्क्रूंची भोकं होती, आणि त्यांच्या बाजूला खिळ्याला एक मोठी टॉर्च टांगलेली होती. खाली गमबूट आणि वेळूची काठी. गमबूट लहान मापाचे होते, बाईमाणसाचे.

चाचा त्या भोकांकडं बघत राहिले. तेवढ्यात वहिनी रानातून आल्या. आम्हाला बघितलं आणि दारातच थबकल्या.

"भावजी, तुमी फोन न्हाई केला," त्या म्हणाल्या.

"स्टार्टर कुठं हाय वहिनी?"

"घरात हाय की. कपाटात. नीट फडक्यात बांधून ठेवलाय."

"बिघडला?"

वहिनी खाली बघून बोलू लागल्या. "बिघडला न्हाई. दिवसा चालतो त्यो. रातीला न्हाई चालत. रातीला लाईट सारकी येती-जाती, आन त्याला जागं व्हायालाच येळ लागतो. त्यो जागा हुईस्तवर लाईट परत जाती."

मला ते तिथंच कळलं. भोपळ्याला लाईट आली की तो आधी आपल्या पोटातलं सगळं तपासायचा. काटा आहे का, थंडी किती, हे पहिल्या भोपळ्यापासूनच होतं; पुढं छपाई आणि चार खोल्या त्यात वाढल्या. मग शेवटी फोनकडं कान द्यायचा. डेअरीत काय, माझ्या टेबलावर काय, लाईट कधी जात नसे. त्यामुळं हे आम्हाला कधी दिसलंच नाही.

"कवापासनं?" चाचांनी विचारलं.

"तुमी डबा काढून नेला आन ह्यो लावला, तवापासनं."

"आन मी येतो तवा? दर वर्साला मोटार चालू हुती ती?"

"तुमचा फोन आला की वायरमनला बोलवून जोडून घेतो. दिवसाची लाईट आसली की झ्याक चालतो की."

"मग रातीला मोटार कोण लावतंय?"

"मीच जाते. दीर गुडघ्यानं अधू हाईत, आनि कोण जाणार?"

चाचा मोटारीच्या चौथऱ्यावर बसले. "मला एका शब्दानं सांगायचं हुतं वहिनी."

"कसं सांगायचं?" वहिनींना रडू आलं. "तुमी किती मायेनं आणलावता. हे गेल्यावर तुमीच तेवढं आमच्या दारात येत ऱ्हायला. आन तुमची कंपनी मोठी हुत हुती. त्यात आमी कशाला मोडता घालावा? आन पयला डबा चांगला हुता, पर त्यो तुमी पेटीत ठेवला म्हणालात. त्यो परत मागू व्हय?"

जोडीदार ज्या वाटेवर गेला, त्याच वाटेनं त्याची बायको इतकी वर्षं रात्रीची जात होती. आणि दर वर्षी पुण्यतिथीला चाचांना जेवायला घालून, मोटार चालवून दाखवत होती. मला चाचांचा राग आला, वहिनींचा आला, माझ्या त्या टेबलाचाही आला.

काचेची पेटी विक्रीच्या यादीत नव्हती. डबा चाचांचाच राहिला होता. चार दिवसांनी आम्ही तो घेऊन परत कुंडलला गेलो. मी त्यात नवं सिम घातलं. चाचांनी खिशातला पिवळा स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याच जुन्या चार भोकांत डबा बसवला. माप बरोबर जुळलं. मोटारीची लाईट त्यांनी मला मुद्दाम बंद-चालू, बंद-चालू करायला लावली. दर वेळी लाईट आली की डबा लगेच तयार. वहिनींनी मिस कॉल दिला, मोटार सुरू झाली. पुन्हा दिला, बंद. वहिनी लहान मुलीसारख्या हसल्या आणि त्यांनी ती काठी दाराबाहेर नेऊन ठेवली.

"एवढंच पुरं हुतं की गं," चाचा मला म्हणाले.

आवाजानं शेजारच्या रानातले लोक आले. एकानं डबा बघितला, दुसऱ्यानं वहिनींकडून पुन्हा मिस कॉल देऊन घेतला. एक म्हातारा पुढं होऊन म्हणाला, "चाचा, असलाच एक आमालाबी द्या की. आमचं पोरगंबी रातचं जातंय." मागून आणखी दोघांनी आवाज दिला, आमालाबी. माझ्या ड्रॉवरमध्ये विट्याचं सर्किट पडून होतं. चाचांनी सवयीनं डोळे मिटले. मी 'बसंल की' ऐकायला थांबले. डोळे उघडले तेव्हा ते म्हाताऱ्याकडं बघत नव्हते.

"मला आता बनवता येत न्हाई," ते म्हणाले.

"आवं, तुमीच तर बनवलाय ह्यो!"

"बनवलावता. आता येत न्हाई."

लोकांना तो उद्धटपणा वाटला असणार. ते कुजबुजत पांगले. चाचांनी स्क्रूड्रायव्हर वहिनींच्या हातात दिला. "वायरमनला लागंल कवातरी," म्हणाले. त्यांच्या खिशाला त्याची घट्ट सुरकुती पडली होती, ती तशीच राहिली.

परत येताना गाडी मी चालवत होते. पलूस मागं पडल्यावर चाचांनी मोबाईल काढला आणि ते रेकॉर्डिंग लावलं. मागच्या एका पुण्यतिथीचं, पुण्याच्या मीटिंगमध्ये वाजलेलं, मी कितीतरी वेळा ऐकलेलं. मोटार घरघरत होती, पाणी पडत होतं. चाचांनी मोबाईल कानाशी धरला, सर्किट धरायचे तसा. मग थोडं मागं नेऊन आवाज मोठा केला आणि माझ्या बाजूला धरला.

मोटारीच्या मागं वहिनींचा बारीक आवाज होता. त्या वायरमनला सांगत होत्या, "आत्ता नगं काढू. भावजी गेल्यावर काढ."

"अब्बांनी पयल्या टिचकीला सांगितलं आसतं," चाचा म्हणाले.

मिरज येईपर्यंत ते तेवढंच पुन्हा पुन्हा लावून ऐकत राहिले.